खिडकीचं पाकीट

पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला तरी कोलमन डर्कन तो उलटा करून मागची बाजू बघेल. रस्त्यावर नवं डांबर पडलं की गाव खूश, हा विचारणार, "कुठला मंत्री येतोय?" एकदा मी त्याच्या ताटात तीनऐवजी चार सॉसेज वाढले, तर चौथ्याकडे बघत बसला. "अट्रॅक्टा, काय काम काढलंयस?" अरे मेल्या, एक जास्त तळलं गेलं, खा मुकाट्यानं!

किलाव्हीलच्या चौकातला पब माझा. माझ्या सासऱ्यांचा, मग नवऱ्याचा आणि तो गेल्यापासून माझा एकटीचा. पबच्या मागच्या छोट्या खोलीत दर शनिवारी अकरा ते एक कोलमन गाऱ्हाणी ऐकायला बसायचा. एकोणीस वर्षं तो काउंटी कौन्सिलवर, म्हणजे जिल्ह्याच्या सभेवर, आमचा सदस्य. बाकीचे दिवस लोकांच्या गवत कापायच्या मशिनी आणि लाकडाच्या करवती दुरुस्त करायचा. लग्न केलं नाही. आई नोरा आणि तो, दोघंच.

कौन्सिलमधली बाकीची मंडळी पूल, गटारं, दिवे यावर भांडायची. कोलमन दातांवर. जिल्ह्याच्या गावात त्याला पाठीमागं 'कवळी' म्हणायचे. पण त्याला कारण होतं आणि आमच्या वयाच्या सगळ्या बायकांना ते ठाऊक आहे. नोरा एकोणीस वर्षांची असताना, लग्नाच्या पंधरा दिवस आधी, तिच्या बापानं तिला शहरात नेऊन सगळे दात काढून आणले. किडलेले नव्हते, चांगले ठणठणीत दात! नवऱ्यामागं पुढं दातांची कटकट नको, म्हणून माहेरची भेट. माझ्या आईचंही तसंच झालं. तेव्हाची रीतच होती ती, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. नोरानं त्यानंतर कधी सफरचंदाला दात लावला नाही. चमच्यानं खरवडून खरवडून खायची आणि कोलमन लहानपणापासून समोर बसून ते बघायचा. अशा माणसाला सरकारनं सांगायचं की शाळेतल्या दुसरी, चौथी, सहावीच्या पोरांचे दात आम्ही वेळेवर तपासतो! सहावीतल्या पोरांचा नंबर लागेपर्यंत त्यांना मिशा फुटलेल्या असायच्या. तो चिडणार नाही तर काय करणार?

आता त्या बिस्किटांच्या डब्याचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

सरकारी पत्र म्हणजे लांबट पाकीट, पुढं पत्ता दिसायला छोटी पारदर्शक खिडकी असलेलं. आमच्या गावात खिडकीचं पाकीट कुणी फोडत नाही. मागं एकदा टेकडीवरच्या एका विधवेनं असलं पाकीट फोडलं, आतल्या कागदावर भाबडेपणानं खरं खरं लिहून परत पाठवलं आणि तिची हिवाळ्याची मदत बंद झाली. तेव्हापासून कोलमननं गावाला बजावून ठेवलं होतं. "खिडकी दिसली की हात लावू नका. आत काय सापळा असेल सांगता येत नाही. अट्रॅक्टाकडे ठेवा, मी बघतो." म्हणून माझ्या काउंटरवर, बिअरच्या नळाशेजारी, ख्रिसमसच्या बिस्किटांचा एक मोठा गोल डबा होता. लोक पाकीट आणून त्यात टाकायचे. शनिवारी कोलमन फोडायचा, वाचायचा, उत्तरं लिहायचा. कितीतरी लोकांचं भलं केलं त्यानं असं, हेही सांगायला हवं.

फिडेल्मा लॅव्हेल माझ्या पबच्या मागच्याच गल्लीत वाढलेली पोरगी. नवरा उत्तरेच्या समुद्रात तेलविहिरीवर कामाला. घरात म्हातारा सासरा आणि नऊ वर्षांची नेसा. नेसाच्या काळजाला जन्मापासून छोटंसं भोक. आणि चार दाढा किडलेल्या. तिचे दात साध्या खुर्चीत बसवून काढता येत नव्हते. मोठ्या इस्पितळात, पूर्ण भूल देऊन, शेजारी हृदयाचा डॉक्टर उभा करून काढायचे होते. दाढेतला पू रक्तात उतरला तर थेट काळजाला धरेल, असं डॉक्टरांनी फिडेल्माला स्पष्ट सांगितलं होतं. चौदा महिने पोर यादीत होती. गाल सुजायचा, औषध घ्यायची, उतरायचा, परत सुजायचा. पबमध्ये येऊन माझ्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायची आणि एका बाजूनं टोस्ट चावायची.

जूनमध्ये कोलमन आरोग्य समितीच्या बैठकीहून आला तो थेट मागच्या खोलीत गेला आणि मला हाक मारली.

"अट्रॅक्टा, दार लाव."

"आता कोण मेलं?"

"फेब्रुवारीत मी लेखी प्रश्न दिला होता. इस्पितळात दात काढायला किती पोरं थांबलीत? उत्तर आलं, तीनशे शहाऐंशी. आज तोच प्रश्न परत विचारला. उत्तर काय? एकशे एकेचाळीस!"

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं?" तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मीच ते आकडे लिहिले होते. "मधल्या काळात इस्पितळात दात किती पोरांचे काढले, तेही विचारलं मी. अकरा! उरलेल्यांचे दात काय आपोआप बरे झाले? चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी फिडेल्मानं इस्पितळात फोन केला. पाऊण तास गाणं ऐकवलं तिला, मग एका बाईनं सांगितलं, नेसा लॅव्हेल असं नाव यादीत नाही. का नाही? मार्चमध्ये पत्र पाठवलं होतं: अजून जागा हवी असेल तर चौदा दिवसांत कळवा. तुमचं उत्तर आलं नाही, नाव काढलं. आता नव्यानं अर्ज करा आणि शेवटी उभ्या राहा.

फिडेल्मा रडत पबमध्ये आली. "कोलमन, असलं पत्र मला आलंच नाही हो. दातांचं पत्र आलं असतं तर मी विसरेन का?"

कोलमननं शांतपणे विचारलं, "नक्की?"

"पोरीच्या गळ्याशप्पथ."

तिथून पुढं कोलमनला झोप नव्हती. घरोघर फिरला. आमच्या पंचक्रोशीतली अठ्ठावीस पोरं यादीतून गायब आणि अठ्ठावीस घरांत एकच उत्तर: दातांचं पत्र आम्ही पाहिलंच नाही. कोलमनच्या डोळ्यांत चमक आली. यादी लांबली म्हणून वर्तमानपत्रं ओरडत होती ना? मग यादी छाटायची. पत्रं छापायचीच नाहीत, पाठवली म्हणायचं आणि नावं उडवायची!

आणि खरं सांगू? मलाही पटलं. सगळ्या गावाला पटलं. आमचा नवा पोस्टमन मलाकी शहरातून आलेला, कानात सतत काहीतरी घालून गाणी ऐकणारा. कोलमनला वाटलं, हा सामील असेल. त्यानं त्याला चौकात अडवून विचारलं, "मार्चची पत्रं कुठल्या नाल्यात टाकलीस रे?" पोरगं पांढरं पडलं. मी त्याला रोज अकराला चहा द्यायचे, तो मी गार द्यायला लागले. बिस्किटं बंद. शाळेच्या बाईंवर संशय, दवाखान्यातल्या नर्सवर संशय. गावात कुणी कुणाशी धड बोलेना. सगळे एकमेकांकडे तिरके बघायचे.

आरोग्य खात्याचे आमच्या भागातले अधिकारी होते रेडमंड प्रेंडरगास्ट. उंच, किडकिडीत आणि आवाज असा हळू की ऐकायला पुढं वाकावं लागायचं. "एवढा हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतोच," कोलमन म्हणायचा. रेडिओवर त्यानं सरळ सांगितलं की ती पत्रं कधी लिहिलीच गेली नाहीत, आणि प्रेंडरगास्टनी खुर्ची सोडावी. प्रेंडरगास्टसाहेबांनी एवढंच उत्तर दिलं: सप्टेंबरच्या बैठकीत नोंदी घेऊन येतो. ज्यांना पत्र मिळालंच नाही असं ठरेल, त्यांची नावं मूळ जागी जातील. बाकीच्यांची यादीच्या शेवटी.

ऑगस्टमध्ये नेसाचा गाल डोळ्यापर्यंत सुजला. चार दिवस इस्पितळात सलाइन. परत आली तेव्हा पोरीचे हात माझ्या बोटांएवढे झाले होते. फिडेल्मा कोलमनला एवढंच म्हणाली, "तुम्ही तिला परत तिच्या जागी नेऊन बसवा. मी दुसरं काही मागत नाही."

"बसवतो," तो म्हणाला.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी मीही त्याच्याबरोबर निघाले. प्रेक्षकांच्या बाकावर बसून प्रेंडरगास्टची फजिती बघायची होती मला, खोटं कशाला बोलू. गाडीत त्याच्या कामाच्या तेलाचा वास. तो भाषणाची तयारी करत होता, तोंडातल्या तोंडात. मी जरा विषय बदलावा म्हणून म्हटलं,

"अरे कोलमन, नोराला जाऊन सहा महिने झाले. लोकांच्या शोकपत्रांना आभाराचं उत्तर कधी देणार? बायका बोलायला लागल्यात."

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "पिशवी मागं डिकीत आहे अजून. उघडवत नाही गं. गाठ सोडली की आई परत मरेल असं वाटतं."

"कुठली पिशवी?"

"शोकपत्रांची. तूच ठेवलीस ना, मातीच्या दिवशी. उरलेल्या केकबरोबर."

"शोकपत्रं मी तुला बुटाच्या खोक्यात दिली. तुझ्या दारात, हातात."

"ते खोकं घरी आहे. ही पिशवी. निळी. तुझ्यासारख्या दोन गाठी मारलेली."

देवा गं! नोराची माती मार्चच्या पहिल्या शुक्रवारी झाली. सगळं गाव चर्चमधून माझ्याकडे जेवायला आलं होतं. दोनशे माणसं, आणि मी एकटी हॅमचे सँडविच कापत होते. बरेच जण आत येताना खिशातून काहीतरी काढून डब्यात टाकत होते. मला तर डबा हवा होता, फळांचा केक ठेवायला जागा नव्हती. मी आतलं सगळं निळ्या पिशवीत ओतलं, दोन गाठी मारल्या आणि संध्याकाळी कोलमनच्या डिकीत टाकलं. त्याला सांगायचं, हे डोक्यातून साफ गेलं. गेलं ते गेलंच.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

एका शेताच्या फाटकाशी आम्ही उभे राहिलो. पलीकडच्या मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या. कोलमननं गाठ सोडली. आत पाकिटं. सगळी लांबट, सगळी खिडकीची, सगळी एकाच तारखेच्या शिक्क्याची. वरच्यावरच एका खिडकीतून नाव दिसत होतं: नेसा लॅव्हेल यांचे पालक.

फिडेल्मा खोटं बोलली नव्हती. तिनं दातांचं पत्र पाहिलंच नव्हतं. तिनं एक खिडकीचं पाकीट पाहिलं होतं, आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे न फोडता डब्यात टाकलं होतं. कोलमननं अठ्ठावीस घरांत 'दातांचं पत्र आलं का' असं विचारलं. 'एखादं खिडकीचं पाकीट आलं का' असं कुणालाच विचारलं नाही. त्याला सगळ्या जगाचा संशय आला, फक्त स्वतःच्या डिकीचा नाही.

तो फाटकाला धरून उभा होता. मग मी जे बोलले ते मला आजही बोचतं, पण सांगते.

"टाक ती पिशवी त्या ओढ्यात," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे? पत्रं मिळालीच नाहीत असं ठरलं की पोरगी परत तिच्या जागी जाईल. तुला तेच हवंय ना? खरं बोललास तर ती शेवटी जाईल, दीड वर्ष! तेवढं तिचं काळीज टिकेल का, सांग मला."

"आणि मलाकीचं काय? आणि प्रेंडरगास्टचं?"

"गेले खड्ड्यात!"

त्यानं पिशवीला परत गाठ मारली. एकच. मागच्या सीटवर ठेवली. तिथून शहरापर्यंत तो काय करणार हे मला कळेना. मी जपमाळ काढली. पण काय मागायचं ते सुचेना, म्हणून नुसती हातात धरून बसले.

सभागृह भरलेलं. वर्तमानपत्राची पोरगी पहिल्याच रांगेत. प्रेंडरगास्टसाहेबांनी टेबलावर नोंदवही मांडली होती. अध्यक्षांनी नाव पुकारलं. कोलमन उठला आणि पिशवी घेऊनच उठला.

"माझा पहिला प्रश्न मी मागे घेतो," तो म्हणाला. "पत्रं पाठवली होती. पोचलीही. ती माझ्याकडे पोचली. आमच्या गावात सरकारी पाकीट फोडू नका, मला द्या, असं मीच लोकांना शिकवलं. ती माझ्या गाडीच्या डिकीत सहा महिने पडून होती. मी पोस्टमनला चोर म्हणालो आणि साहेबांना खोटारडे. दोघांची माफी मागतो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "कवळी निसटली!" असं कुणी म्हणालं, आणि मग सगळे हसले. पिशवी कुणी भरली, गाठ कुणी मारली, यावर कोलमन एक शब्द बोलला नाही. मी प्रेक्षकांत बसले होते. उठून सांगायला हवं होतं. नाही उठले.

हसणं थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग म्हणाला, "दुसरा प्रश्न मागे घेत नाही. नऊ वर्षांची पोर. काळजाला भोक. तिचा फोन नंबर तुमच्या कागदावर आहे. उत्तर आलं नाही म्हणून तिचं नाव कापण्याआधी एक फोन का केला नाहीत?"

प्रेंडरगास्टसाहेब नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "तशी पद्धत नाही."

"पावणेचारशेमधल्या सव्वादोनशे पोरांच्या घरून उत्तर आलं नाही, तेव्हा तुम्हाला काहीच संशय आला नाही? मला तर सॉसेजचासुद्धा येतो, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेब उठले, चालत आमच्या सदस्याच्या टेबलापर्यंत आले आणि हात पुढं केला. कोलमननं पिशवी दिली. त्यांनी एक पाकीट काढून उलटंसुलटं केलं, चिकटवलेल्या कडेवरून नख फिरवलं.

"फोडलेलं नाही."

"एकही नाही. अठ्ठावीस आहेत. मोजा. मी तुमच्या जागी असतो तर मोजली असती."

त्यांनी मोजली. भर सभेत, एकेक करून. मग म्हणाले, "पालकांनी ही वाचलेली नाहीत, हे मला दिसतंय. म्हणजे त्यांना मिळाली नाहीत. आमच्या नियमात मिळणं म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही." पुढं म्हणाले, "ही अठ्ठावीस नावं मूळ जागी जातील. बाकीच्यांना फोन करू."

मी तिथंच रडले. शेजारच्या अनोळखी बाईनं मला रुमाल दिला.

वर्तमानपत्रानं काय छापायचं ते छापलंच: पत्रं कौन्सिलरच्या डिकीत. कोलमन मलाकीकडे जाऊन चौकातच, सगळ्यांसमोर माफी मागून आला. मलाकीनं कानातलं काढलं आणि म्हणाला, "काय म्हणालात? परत सांगा." आणि यानं परत मागितली. मी चहा गरम द्यायला लागले, वर लोणी लावलेला स्कोन, म्हणजे छोटा गोडसर पाव. पोरानं स्कोन वास घेऊन मगच खाल्ला.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी फिडेल्मा नेसाला घेऊन आली. बोलता बोलता तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं आणि सवयीनं डब्यात टाकलं. खिडकीचं. मी झडप घालून ते बाहेर काढलं. खिडकीत इस्पितळाचा शिक्का.

"कोलमन!" मी ओरडले.

तो मागच्या खोलीतून आला, पाकीट पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मी हात लावणार नाही. फिडेल्मा, तूच फोड."

तिला फोडता येईना. आणि मला राहवेना. "फिडेल्मा," मी म्हटलं, "ती पिशवी मी भरली होती. गाठी माझ्या होत्या. यानं माझं नाव घेतलं नाही, आणि मीही उठून सांगितलं नाही."

"माहीत आहे मला," ती वर न बघता म्हणाली. "पेपरात फोटो होता. निळ्या पिशवीत तुझ्याशिवाय कोण केक बांधून देतं या गावात?" मग म्हणाली, "रागावलेय मी तुझ्यावर, अट्रॅक्टा. अजून बराच काळ रागावणार आहे. आता चष्मा दे तुझा."

चष्मा लावून तिनं पाकीट फोडलं. मंगळवार, चौदा तारीख, सकाळी आठ. उपाशीपोटी यायचं. तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

नेसा कोपऱ्यातल्या बाकावरून कोलमनकडे बघत होती. सुजलेल्या गालामुळं तिचं बोलणं जड येत होतं. "सगळे काढणार का माझे? नोरा आजीचे काढले तसे?"

कोलमन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"नाही गं राणी. चारच. मी बाहेर दाराशी बसणार आहे आणि मोजून घेणार आहे."